स्वयंपाकघराखाली बुजवलेली विहीर निघाली. खरेदीपत्रात “पाहून समाधान झाले” असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. आता काही हक्क उरतो का?

वडगावची बाई यांचा प्रश्न

नमस्कार. मी मराठी प्राथमिक शाळेत 31 वर्षं शिकवून निवृत्त झाले. हे खरं तर मागच्या वर्षीच विचारायला हवं होतं. पण नवीन घर आहे, पहिल्या पावसात थोडीफार ओल धरतेच, असं सगळ्यांनी सांगितलं आणि मीही ते धरून बसले.

आमचं सगळं आयुष्य बेळगावच्या शहापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. ह्यांची ग्रॅच्युइटी, माझा फंड आणि मुलाच्या नावावर 18 लाखांचं कर्ज असं जमवून 43 लाखांना हे घर घेतलं. येळ्ळूर रोडच्या बाजूला, जिथं पूर्वी भाताची शेतं होती तिथं. चार गुंठ्यांत चार घरं, एकाला एक लागून. बिल्डरनं स्वतः जागा घेऊन, एनए (बिगरशेती) करून बांधलेली. 2023 च्या मे महिन्यात संचकार (विसार देऊन खरेदीचा करार) केला तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि स्लॅब पडायचा होता. पाया आम्ही बघितलाच नाही, तो तेव्हाच मातीखाली गेला होता. जानेवारी 2024 मध्ये खरेदी झाली आणि पाडव्याला, 9 एप्रिलला, आम्ही राहायला आलो.

त्याच जुलैत स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला, तिरका, जमिनीकडं उतरत गेलेला. बिल्डरनं माणूस पाठवला, त्यानं पांढरं काहीतरी भरून वरून रंग मारला. हिवाळा, उन्हाळा नीट गेला. यंदा जूनमध्ये तोच तडा पुन्हा उघडला आणि ओट्याच्या पुढची फरशी खाली बसायला लागली. ओट्याची कडाप्पा आणि फरशी यांच्यामधली फट मी शाळेतली लाकडी पट्टी लावून मोजते. जूनच्या शेवटी 11 मिलिमीटर होती. गणपतीत 19. आज सकाळी 22. मागच्या दाराची चौकट कलली आहे, कडी लागत नाही, रात्री दाराला पाटा लावून झोपतो.

खरी गोष्ट कळली ती गणपतीत. समोरच्या गल्लीतले एक आजोबा आरतीला आले होते. त्या शिवारात त्यांची हयात गेली आहे. प्रसाद द्यायला आत बोलावलं तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबले. खिडकीतून मागचं आंब्याचं झाड बघितलं, परत फरशीकडं बघितलं आणि म्हणाले, “बाई, हितं आमच्या भावकीची हीर होती की ओ. आंब्यापासनं धा पावलं. ह्यांनी जुन्या घराचं डबर नि माती आणून दोन दिसांत बुजवली. तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय?”

मी ओट्याला धरून तिथंच खाली बसले.

बिल्डरला फोन केला. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, “विहीर होती तर होती. निम्म्या बेळगावाखाली विहिरी आहेत. तुम्ही बघून, समाधान झालं म्हणून सही केलीय. खरेदी झाली, विषय मिटला.” दोन दिवसांनी त्यांचाच परत फोन आला. एक लाख रुपये देतो, पण “यापुढं या घराबाबत कोणतीही तक्रार राहिली नाही” असं बाँडवर लिहून द्या.

खरेदीपत्र कन्नडमध्ये आहे. मला बाजारापुरतं कन्नड बोलता येतं, पण कचेरीचं कन्नड वाचता येत नाही. सहीच्या दिवशी दस्त लिहिणाऱ्यानं पाच मिनिटांत सारांश सांगितला होता. आता कन्नड शाळेतल्या माझ्या मैत्रिणीनं शब्द न् शब्द वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर खरंच आहे: खरेदीदारानं मालमत्ता प्रत्यक्ष पाहिली आहे, तिच्या स्थितीबद्दल समाधान झालं आहे, पुढं तक्रार चालणार नाही. विहिरीचा उल्लेख कुठंच नाही.

बाकी तीन घरांना काही झालेलं नाही. ती मंडळी मला म्हणतात, बाई, विहिरीचं नाव चारचौघांत काढू नका, सगळ्यांच्याच घराची किंमत पडेल. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनीही कर्जं काढली आहेत.

मला एवढंच समजून घ्यायचं आहे. मिक्सर घेतला तरी दोन वर्षांची वॉरंटी मिळते. मग 43 लाखांच्या घराची कसलीच हमी नाही का? कागदावर लिहिलेली नसली तरी कायदा काही धरून चालतो का? आणि मी केलेल्या सहीनं ते सगळं पुसलं जातं का? मुलगा म्हणतो एक लाख घे आणि दुरुस्ती करून घे. ह्यांना रात्री झोप नाही. मला घाईत दुसरी सही करायची नाही.

अनगोळचा इंजिनिअर

बाई, कायद्याचं इथले वकील सांगतील. मी बांधकामातला माणूस, त्यामुळं आधी तातडीचं बोलतो. त्या माणसाला पुन्हा तडा भरू देऊ नका. आणि तुम्हीही भरू नका. तो तडा हा तुमचा पुरावा आहे.

तुम्ही सांगताय ती लक्षणं पाया एका बाजूला बसल्याचीच आहेत. गिलाव्याचे तडे केसासारखे बारीक असतात, वेडेवाकडे पसरतात आणि एका जागी थांबतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून दर पावसात रुंद होणारा तडा, कललेली चौकट आणि बसलेली फरशी ही तिन्ही एकाच कोपऱ्यात एकत्र दिसली की खालची जमीन हलतेय असं समजायचं. विहीर डबरानं भरली की त्या भरावात पोकळ्या राहतात. उन्हाळ्यात तो भराव घट्ट वाटतो. पावसात भातशेतीच्या त्या पट्ट्यात पाणी वर येतं, माती पोकळ्यांत सरकते आणि वरचं फुटिंग, म्हणजे पायाचा तळ, खाली जातं. घराचा बाकी भाग मूळच्या जमिनीवर आहे, तो जागचा हलत नाही. म्हणून घर मधेच फाटतं. तुमच्या शेजाऱ्यांच्या घरांना काही झालं नाही याचं कारणही हेच असणार.

आता काय करायचं ते सांगतो. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घाला. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवा. काच फुटली की तडा अजून चालू आहे हे सिद्ध होतं, ती जुनी आणि सोपी पद्धत आहे. पट्टीनं मोजताय ते उत्तम, फक्त दर आठवड्याला एकाच जागी मोजा आणि पट्टी दिसेल असा फोटो काढा. मोबाइलच्या फोटोत तारीख आपोआप राहते, तो व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ प्रत पुसू नका.

दुसरं, गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं बघता येतात. तुमच्या जागेवर जाऊन मागं मागं सरकत जा. एवढी विहीर उघडी असेल तर काळा गोल ठिपका दिसायला हवा. आंब्याचं झाड खुणेला आहेच. मी आमच्या कामात नवीन जागा घेताना हे आधी बघतो.

तिसरं, एखाद्या नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला लागून एक खड्डा घेतला की भराव आहे की मूळ जमीन, ते डोळ्यांनी दिसेल. खड्डा घेताना फुटिंगच्या खाली जायचं नाही, आणि इंजिनिअर उभा असल्याशिवाय घ्यायचाच नाही.

दुरुस्ती शक्य आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही घाबरला आहात. विहिरीच्या दोन्ही कडांना मूळ जमिनीवर आधार घेऊन मधून बीम टाकता येतो किंवा खालपर्यंत बारीक पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) घेता येतात. पण हे एक लाखाचं काम नाही. नेमका आकडा जागा बघितल्याशिवाय कुणी सांगू नये.

खानापूर रोडवाला

मी माझ्यापुरतं सांगतो. 2018 मध्ये फ्लॅट घेतला, वरच्या गच्चीतून पाणी उतरायचं. बिल्डरनं 60 हजार दिले आणि माझ्याकडून “तक्रार मिटली” असं लिहून घेतलं. पुढच्याच पावसात पाणी परत आलं. नंतर दोन वकिलांकडं गेलो, दोघांनीही तो कागद वाचून मान हलवली. त्या कागदामुळं माझी पुढची सगळी दारं बंद झाली. बाई, पैसे घ्यायचे तर घ्या, पण त्या ओळीखाली सही करू नका.

जुना वकील, कॅम्प

बाई, आधी सरळ उत्तर: हक्क उरतो. किती उरतो ते पुराव्यावर आणि तुम्ही किती लवकर हलता त्यावर.

मिक्सर आणि घर यांत कायदा खरंच फरक करतो. वस्तुविक्रीचा 1930 चा कायदा आहे, त्याच्या कलम 16 मध्ये माल ठरावीक कामाला योग्य असेल, विकण्याजोगा असेल, अशी हमी न लिहिता धरली जाते. पण तो कायदा जंगम मालाचा. घर आणि जमीन त्यात येत नाहीत. त्यांची विक्री 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं होते आणि तिथं घराच्या दर्जाची अशी सरसकट हमी नाही. विकत घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावं, हाच मूळ नियम.

मग तुमच्या बाजूनं काय आहे? त्याच कायद्याचं कलम 55. विक्रेत्याला माहीत असलेला, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही सापडला नसता असा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विक्रेत्यानं सांगितलाच पाहिजे. आणि तो न सांगणं ही लबाडी ठरते, असं त्याच कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे हमी घराची नसली तरी बोलण्याचं कर्तव्य आहे.

आता समोरचा वकील काय म्हणेल ते ऐका, कारण ते आत्ताच ऐकलेलं बरं. पहिलं, कलम 55 ची सुरुवातच “विरुद्ध करार नसेल तर” अशी आहे, आणि तुमच्या दस्तात समाधानाचं कलम आहे. त्यावर आपलं उत्तर असं की समाधान हे दिसलेल्या गोष्टींचं असतं. जाणूनबुजून झाकलेल्या गोष्टीला संमती कशी देणार? 1872 च्या करार कायद्यात, कलम 17 मध्ये, माहीत असलेली वस्तुस्थिती मुद्दाम लपवणं हे कपटच धरलं आहे. कन्नड वाचता येत नव्हतं हा मुद्दा मात्र पुढं करू नका. सही केलेला कागद समजूनच सही केला असं न्यायालय धरून चालतं, आणि त्या वादात तुमचा मूळ मुद्दा हरवेल.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. जुन्या पहाणीत (शेताच्या सरकारी उताऱ्यात) पाण्याचं साधन म्हणून विहिरीची नोंद असू शकते, एनए करताना जोडलेल्या मोजणीच्या नकाशात तिची खूण असू शकते. समोरचा म्हणेल, कागद कचेरीत होते, तुम्ही का बघितले नाहीत? बँकेच्या वकिलानं शोध घेतलाच होता ना? हा कागद दोन्ही बाजूंनी कापतो. पण मी असं मांडेन: पहाणी सर्व्हे नंबरची असते. विहीर शेतात कुठंतरी होती एवढंच ती सांगेल, तुमच्या ओट्याखाली होती असं नाही सांगणार. बँकेचा वकील मालकी आणि बोजा बघतो, पाया बघत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती जागा भिंतींनी झाकलेली होती. फरशी उकरून बघणं ही काही सर्वसाधारण काळजी नव्हे. आणि ज्यानं स्वतः ती विहीर बुजवली, स्वतः तिथं फुटिंगचा खड्डा खणला, त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. तुमच्या त्या फोनवर तो “होती तर होती” म्हणाला. पुढचं बोलणं लेखी करा, मेसेजवर करा.

हे सगळं दिवाणी न्यायालयातलं झालं, आणि तिथं वेळ लागतो. तुम्हाला जवळचा रस्ता ग्राहक आयोगाचा आहे. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही सेवा आहे असं ठरवलं, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सेवेच्या व्याख्येतच घरबांधणी आहे. नुसती जमीन एका माणसानं दुसऱ्याला विकली तर ती सेवा होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानंच 2013 मध्ये सांगितलंय. म्हणून तुम्ही सहज लिहिलेलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटलं: संचकार केला तेव्हा स्लॅब पडायचा होता. म्हणजे तुम्ही तयार वस्तू उचलली नाहीत, पैसे देऊन घर बांधून घेतलंत. ते संचकारपत्र जपून ठेवा. दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती आणि पासबुकातली नोंद त्याच्याबरोबर लावा.

43 लाख म्हणजे 50 लाखांच्या आत, त्यामुळं बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार होते. 20 ते 50 लाखांच्या व्यवहाराला फी 1000 रुपये. वकील न लावता स्वतः उभं राहता येतं, पण तुमच्या प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागणार, तेव्हा वकील घ्या. मुदत दोन वर्षांची. ती कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद होतो. तुम्ही वादात पडू नका. ताबा 9 एप्रिल 2024 ला मिळाला असेल, तर 9 एप्रिल 2026 च्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे असं धरून चाला. मधे त्यानं तडा भरून दिला म्हणून मुदत वाढते, अशा भ्रमात राहू नका. लपवाछपवीवरच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षं आहेत आणि कपट उघडकीला आल्यापासून ती मोजतात, पण तो मागचा दरवाजा समजा.

कुणीतरी रेराचं, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं, नाव काढेलच. 2016 च्या त्या कायद्यातलं कलम 14 फार चांगलं आहे: ताब्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष दाखवला की बिल्डरनं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. तुम्ही मागताय ती हमी ती हीच. पण 500 चौरस मीटरच्या आतल्या जागेला किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला तिथं नोंदणीची सक्ती नाही. तुमचे चार गुंठे म्हणजे साधारण 405 चौरस मीटर, आणि घरं चारच. लहान बिल्डर जागा एवढीच का धरतात ते यावरून समजा. त्या वाटेनं गेलात तर आधी हाच वाद होईल. ग्राहक आयोगात तो प्रश्न येत नाही.

अमेरिकेतला एक जुना निकाल मी तरुण वकिलांना नेहमी सांगतो. टेक्सासमध्ये एका बाईनं नवं कोरं घर घेतलं, पहिल्यांदा शेकोटी पेटवली आणि धुराड्याच्या दोषामुळं घराला आग लागली. बांधणाऱ्यानं म्हटलं, घेणाऱ्यानं बघून घ्यायचं असतं. 1968 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं आणि सांगितलं की नवं घर बांधून विकणारा ते नीट बांधल्याची आणि राहण्याजोगं असल्याची हमी देतोच, लिहिलेली असो वा नसो. खटल्याचं नाव हंबर विरुद्ध मॉर्टन. आपल्याकडं लहान घरांना इतकी सरळ हमी अजून नाही, आणि ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे. जो माणूस पाया घालतो त्यालाच पाया माहीत असतो. शिक्षिकेला कसा असेल?

एक लाखाच्या कागदावर सही नको. आधी स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह, वकिलाची नोटीस. आणि एक गोष्ट तुम्ही ठरवायची आहे: पैसे परत हवेत की घर दुरुस्त करून हवं? आयोगाकडं दोन्ही मागता येतं, पण तुमच्या मनात काय आहे ते नोटीस लिहिण्याआधी कळायला हवं.

निपाणीची लेक

वकीलसाहेबांनी मालकीचं बोलणं सोडून दिलं, म्हणून थोडंसं सांगते. बाईंचा प्रश्न पायाचा आहे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. माझ्या वडिलांनी निपाणीत जुनं घर घेतलं. विकणारे दोघे भाऊ. तीन वर्षांनी त्यांच्या बहिणीनं हिश्श्याचा दावा लावला, तिची सही कुठंच नव्हती. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा 1994 च्या दुरुस्तीनं मिळाला आहे, ज्या राज्यांत तो आधी नव्हता तिथं 2005 मध्ये आला. आमच्या दस्तात मालकीबद्दल एक ओळही नव्हती. तरी आमच्या वकिलांनी कलम 55 चाच दुसरा भाग काढला: विकणारा जे विकतोय ते त्याचं आहे आणि ते विकायचा त्याला अधिकार आहे, असा करार विक्रीत धरलेलाच असतो. त्या जोरावर भावांना बोलणी करावी लागली, बहिणीला तिचा वाटा त्यांनी दिला आणि तिनं हक्कसोड करून दिली.

बाई, मला तुमच्या दाराला लावलेला पाटा वाचून वाईट वाटलं. निदान एक कडी तरी दुसऱ्या जागी बसवून घ्या. फोटो आधी काढा, मग बसवा.

वडगावची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत जे झालं ते लिहिते.

खानापूर रोडवाल्यांचा अनुभव मी मुलाला वाचून दाखवला. त्यानं एक लाखाचा विषय परत काढला नाही. उलट त्यानंच गुगल अर्थ उघडून दिलं. 2014 च्या चित्रात आंब्याच्या शेजारी गोल काळा डाग आहे. 2021 च्या चित्रातही आहे. 2023 च्या चित्रात तिथं तांबडी माती आहे. मी तिन्ही छापून घेतली.

इंजिनिअरसाहेब, काचेची पट्टी लावली होती, ती सहाव्या दिवशी तडकली. तुम्ही म्हटलं तसा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेला. त्यानं उभं राहून मागच्या भिंतीबाहेर खड्डा घेतला. चार फुटांवर मंगलोरी कौलांचे तुकडे, विटा, एक फुटकी मोरीची फरशी आणि प्लॅस्टिकचं पोतं निघालं. आणि खड्ड्याच्या एका बाजूला घडवलेले काळे दगड, वळण घेत गेलेले. आजोबा काठी टेकत बघायला आले होते. त्यांनी वाकून त्या दगडांवरून हात फिरवला. म्हणाले, “ही आमच्या आज्यानं बांधलेली. मी खोटं बोलणार न्हाई बाई, जिथं सांगशील तिथं सांगतो.” त्यांचं प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं आहे.

बाकी तीन घरांतल्या एका ताईंनी खड्डा बघितला. त्यांनी मला काही म्हटलं नाही, पण संध्याकाळी त्या आपल्या खरेदीपत्राची प्रत घेऊन आल्या आणि माझ्या मैत्रिणीकडून त्यांनीही ती वाचून घेतली.

वकीलसाहेब, तुम्ही विचारलंत पैसे हवेत की घर. आम्ही दोघं रात्री जेवण झाल्यावर बराच वेळ बोललो. आम्हाला घर हवं आहे. ह्यांनी दारात लावलेल्या प्राजक्ताला यंदा पहिल्यांदा फुलं आली आहेत, आणि या वयात परत भाड्याची खोली शोधायची ताकद नाही. पण ते बीम टाकून, अहवाल देऊन, काम करणाऱ्याच्या सहीनिशी दुरुस्त झालेलं हवं, आणि ते होईपर्यंत दुसरीकडं राहायचं भाडंही हवं. नोटिशीत तसंच लिहायला सांगितलं. ती काल गेली.

सोमवारी तहसील कचेरीत जुन्या पहाणीच्या नकलेचा अर्ज द्यायचा आहे. सर्व्हे नंबर आजोबांना तोंडपाठ आहे. मी म्हटलं रिक्षा साडेनऊला बोलावते, तर म्हणाले, मी आठलाच कट्ट्यावर येऊन बसतो.